घाटाखालचं ओळखीचं वावर

दिवाळी झाली की आमची मेंढरं राजुरीहून निघायची आणि मढवरून माळशेज उतरून कोकणात जायची. बिऱ्हाड, कोंबड्या, तान्ही पोरं घोड्यावर; बाकी सगळे पायी. परक्या मुलखात कसं जपून राहायचं ते वडिलांनी मला चालता चालताच शिकवलं. मुक्काम आडोशाला करायचा नाही, लोकांच्या नजरेसमोर करायचा. पाणी विचारूनच भरायचं. आणि आधी पोलीस पाटलाला भेटून आपण कुठले ते सांगायचं.

"आपुन सांगून उतरलो की कुनी संशय घेत न्हाई," ते म्हणायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. घाटाखालच्या एका गावात एका शेतकऱ्यानं आम्हाला वावरात मेंढरं बसवायला बोलावलं. लेंड्यांचं खत त्याला, भात आम्हाला. दरसालची ओळख. आईला तो वहिनी म्हणायचा.

एका सकाळी गावातली माणसं काठ्या घेऊन वावरात शिरली. शेजारच्या विहिरीवरची मोटर नाहीशी झाली होती. त्यांनी आमची बोचकी उचकली, पीठ मातीत सांडलं. काही सापडेना, तेव्हा वडिलांची गचांडी धरली.

"मोटर कुटं इकली, बोल!"

"राव, पाटलाला इचारा. आमी सांगून उतरलोय. न्हाईतर ह्या भाऊंना इचारा."

भाऊ, म्हणजे आमचा शेतकरी, बांधावरच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मेंढरं बसवायला सांगितली, येवढंच," तो म्हणाला. "मानसं कशी हायेत, मला काय ठावं?"

मग काठ्या पडल्या. आई मध्ये पडली तर तिलाही ओढून बाजूला फेकलं. मी आमच्या राखणीच्या कुत्र्याला कवटाळून बसले होते. सुटलं असतं तर त्यांनी ते ठारच केलं असतं.

दुपारी कळलं, विहीरवाल्याच्या भावानंच मोटर वाइंडिंगला नेली होती, घरात न सांगता. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "झाली चूक. पन आता हितं थांबू नका, पोरं तापल्यात." चूक त्यांची आणि वावर सोडायचं आम्ही. आई म्हणाली, पोलिसात जाऊ. वडिलांनी अडवलं. "फुडल्या साली ह्याच वाटंनं यायचंय."

त्यांचं मनगट मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं.

पुढच्या साली तोच शेतकरी घाटाच्या पायथ्याशी आमची वाट बघत उभा. "पावणं, यंदा बी आमच्याकडंच," हसून म्हणाला. वडिलांनी मान डोलावली. आई घोड्याची दोरी आवळत राहिली.

संध्याकाळी मेंढरं त्याच वावरात बसली. चुलीपाशी मी वडिलांना विचारलं, "दुसरं वावर नव्हतं का?"

"लई व्हती," ते म्हणाले. "पन तिथं आपल्याला वळखतं कोन?"