माझा पाट आणि भावाची रायफल

अशी जवळ ये बाई, लांबून मान हलवू नकोस. रांजणगावला कंपनीत रोज येतेस, तिथून शिरूर काय लांब आहे? बापावरच गेलीस. तुझ्या बापासारखा, म्हणजे माझ्या धाकट्या भावासारखा, लोखंडाला जीव लावणारा माणूस शिरूरपासून दौंडपर्यंत दुसरा नसेल.

फौजेतून घरी आला तेव्हा वाटलं, आता तरी भाऊ बहिणीच्या वाट्याला येईल. तर दौंडच्या माजी सैनिकांच्या खोलीत भिंतीवर लावायला एक जुनी रायफल आली. नळी कायमची बंद केलेली, निम्मे भाग गायब. झालं, ते भाग शोधायचं ह्यानं व्रतच घेतलं. बारशाला गेला तरी त्या घरचा माळा बघून येतो. तिच्या उरल्यासुरल्या लाकडाला जवसाचं तेल चोळतो म्हणे, हलक्या हातानं. माझे गुडघे इतकी वर्षं कुरकुरतात, त्यांना कुठलं तेल लागतं ते कधी विचारलं नाही. हेवा वाटतो मला तिचा, खोटं कशाला बोलू.

बंदुकीच्या चापाला आपल्याकडं घोडा म्हणतात ना? शिक्रापूरच्या भंगारवाल्याला हा फोनवर म्हणाला, "जुना घोडा बघ, मिलिटरीचा असला तर लई बरं." त्यानं निरोप पुढं दिला आन् ह्याच्या दारात वरातीचा पांढरा घोडा. घोडेवाला म्हणतो, "मामा, नवरदेव कुठाय?" तुझा बाप शांतपणे म्हणाला, "बसा, च्या घ्या. ह्यो मिलिटरीत व्हता का?"

पुढं एकेक करून बाकीचे भाग मिळाले, मग राहिला दस्ता, खांद्याला टेकवायचं लाकूड. एक दिवस अचानक माझ्याकडं आला. मी हरखून पुरणाला डाळ शिजत घातली. तर हा माझा भाऊबिजेचा जाड पाट उलटा करून त्याला टिचक्या मारतोय.

"ताई, शिसव हाय. मुरलेलं. दस्ता निघंल यातनं."

"ह्याच्यावर बसवून तुला ओवाळते मी. त्या सटवीला देऊ व्हय?"

"लगेच न्हाई म्हणू नको. इचार कर."

मी विचार करतच राहिले. न्हाई म्हटलं नाही, व्हयही म्हटलं नाही. पाट दिला असता तर तो परत कशाला आला असता? सारखा विचारायला यायचा, टिचकी मारायचा, जेवून जायचा. एकदा माझ्या गुडघ्यांना जवसाचं तेल घेऊन आला. तिचंच उरलेलं, पण आलं.

मग फोन आला, "ताई, दस्ता मिळाला. पाट ऱ्हाऊ दे तुझा."

त्यानंतर फिरकला नाही. पाट पुसून भिंतीला उभा करून ठेवलाय. त्याला सांग, रायफलीला अजून कुठं लाकूड कमी पडत असलं तर ने म्हणावं. आन् तू बी ये त्याच्यासंगं. लौकर या.