हातानं ऐकणारा दुकानदार

वाशिममध्ये माझं लहान मुलांची श्रवणतपासणी करणारं छोटं केंद्र आहे. तिथल्या तिन्ही कॉम्प्युटरवरचे रिपोर्ट एकत्र ठेवणारी स्टोरेजची पेटी घ्यायला मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन पेट्या सुरू केल्या आणि डोळे मिटून प्रत्येकीवर तळहात ठेवला.

"ही नका घेऊ, लय थरथरून राह्यली. तपासताना लेकराले हिचाच आवाज येईन."

"हातानं कसं कळतं?"

"माह्या पोरीले ऐकू येत नाही. तिच्यासंग मीबी असंच ऐकाले शिकलो."

"तिला घेऊन या ना."

तो हसला. "ती लहान होती तवा इथं तपासणारंच नव्हतं कोणी. आता ती सासरी सुखात हाय."

सगळ्यात शांत पेटी त्यानं स्वतः येऊन बसवली. काम संपल्यावरही तो तपासणीच्या खोलीच्या काचेपाशी थांबला. आत तपासणीला बसलेली चिमुरडी आवाज ऐकून हसली, तेव्हाच तो पायऱ्या उतरला.