कुणाला विचारून?

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, निलंग्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय पोरं ऑप्शनला टाकतात आणि मास्तर लोक उरलेल्या तासात उरकतात. मामांचं तसं नव्हतं. आपल्या घटनेच्या खालोखाल त्यांचा जीव होता तो अमेरिकेच्या घटनेवर. का, ते विचारू नका. अमेरिका राहू द्या, मामा कधी हैदराबादच्या पुढं गेलेले नाहीत.

निवृत्तीनंतर ते आमच्याकडं लातूरला आले. मी क्लासच्या पोरांचे डबे करते. मेस वगैरे मोठं नाव नको, घरातल्या घरात भाकरी, वरण, दोन भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी. नवरा तिकडं आखातात एसी मेकॅनिक. स्पर्धा परीक्षेची पोरं डबा न्यायला आली, की मामा त्यांना उंबऱ्यातच धरायचे. अमेरिकेत युद्ध पुकारायचा अधिकार कुणाला? पोरं ठोकून द्यायची, राष्ट्राध्यक्षाला. मामा खूश. चूक उत्तराशिवाय त्यांना शिकवायला कसं मिळणार? मग बोट वर करून ते सांगायचे, की संसदेला. पहिलं कलम, आठवा भाग. राष्ट्राध्यक्ष सेनापती असंल, पण लढाई सुरू करायची तर आधी सभागृहापुढं उभं राहायचं, तिकडं राजा नसतो बाबांनो. वरण गार व्हायचं, मामांचं कलम संपायचं नाही.

मी एकदा त्यांना इराकचं काढून डिवचलं होतं. भयंकर शस्त्रं दडवलीत म्हणून सगळा देश धुळीला मिळवला, निघाली का ती शस्त्रं? मामा म्हणाले, नाही निघाली, घोर चूक झाली. पण सभागृहाला विचारून झाली. मी म्हणलं, विचारून मारलं काय अन् न विचारता मारलं काय, मेलेल्याला त्याचं काय? ते रागावले नाहीत. म्हणाले, "विचारणाऱ्याला थांबवता येतं. न विचारणाऱ्याला कोण थांबवणार?" मला ते पटलं. खरंच सांगते, मनापासून पटलं होतं. हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट शिकवत आला, तर त्यात काहीतरी असणारच, असं मी धरून चालले.

मग त्या उन्हाळ्याच्या शेवटी इराणवरून तापायला लागलं. अमेरिकेनं आखातातल्या आपल्या लष्करी तळांवरच्या लोकांची बायकापोरं हलवायला घेतली, अशी बातमी आली. आमच्या ह्यांचा कॅम्प, म्हणजे कामगारांची राहायची जागा, अशाच एका तळाच्या शेजारी. तिथल्या एसीची कामं ह्यांच्याच कंपनीकडं. जो लढाई करणार नाही तो आपली लेकरं कशाला हलवील? दुपारी ह्यांचा फोन आला.

आमच्यात पद्धत अशी, की परदेशातला फोन आधी बापाच्या मोबाइलवर येतो. बापाचं झालं, की आमच्या लेकीचं. उरलासुरला बायकोला. मी परातीत भाकरीचं पीठ मळत होते आणि मामा बाहेरच्या खोलीत स्पीकर लावून बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ह्यांनी विचारलं, कंपनी सुट्टी आधी देतीय, आत्ता निघू का ठरल्याप्रमाणं नागपंचमीलाच येऊ? मामांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. म्हणाले, काही घाई नको, उगं मधेच आलास तर नोकरीवर दुसरा बसंल. सभागृहात ठराव यावा लागतो, चर्चा होते, मतदान होतं, महिना दोन महिने कुठं जात नाहीत. तेवढ्यात निवांत ये.

पीठ भरल्या हातानं मी बाहेर येईस्तोवर ठरून गेलं होतं. फोन माझ्याकडं आला तेव्हा हे म्हणाले, बाबांशी बोललोय, काळजी करू नको. मी म्हणलं, बरं.

रविवारी सकाळी बॉम्ब पडले. मामांची पूजा व्हायची होती. आम्ही लिंगायत, आमच्याकडं इष्टलिंगाच्या पूजेशिवाय चहा घेत नाहीत. मामा तळहातावर लिंग घेऊन बसले आणि मी टीव्ही लावला, तर सगळ्या चॅनेलवर तेच. अमेरिकेच्या विमानांनी इराणवर बॉम्ब टाकून झाले होते. राष्ट्राध्यक्ष येऊन सगळं कसं झकास पार पडलं ते सांगूनही गेला होता. मामा पूजा उरकून टीव्हीपुढं बसले आणि एकामागून एक चॅनेल बदलत राहिले. सभागृह बसलं असंल, आतल्या आत बसलं असंल, येईल आता बातमी, असं पुटपुटत होते. आलेली बातमी अशी, की सभागृहातल्या कित्येकांना आपल्यासारखंच नंतर कळलं. मामांनी आवाज बंद केला, पण टीव्ही बंद केला नाही. चहा तसाच राहिला.

मला काय वाटलं ते सांगू? माझ्या अंगाची आग झाली. आमच्या गल्लीत मांडव टाकायचा तर आम्ही चार शेजाऱ्यांना विचारतो. आणि इथं एका माणसाच्या मनात आलं म्हणून दुसऱ्याच्या देशावर बॉम्ब? तिकडंही कुणी बाई परातीत पीठ घेऊन बसली असेल, तिला कुणी विचारलं? अमेरिकेनं आम्हाला शिकवायचं, की बघा, आमच्याकडं एका माणसाच्या हातात काही नसतं, आणि आमचे मामा ते खडू झिजवून झिजवून पोरांच्या डोक्यात भरत राहणार. केसानं गळा कापला म्हणतात तो असा. दुश्मनानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. पण ज्याची आपण आयुष्यभर वाहवा केली, त्यानंच फसवलं तर शिव्या कुठल्या तोंडानं द्यायच्या?

पुढं व्हायचं तेच झालं. इराणनं ह्यांच्या कॅम्पशेजारच्या त्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली. ती वरच्या वर पाडली, नुकसान काही नाही, असं बातम्यांत सांगत होते. त्या काही नाहीमध्ये आमचे हे होते. पाडलेल्या क्षेपणास्त्राचं धूड कॅम्पच्या भिंतीपलीकडं आदळलं, त्या दणक्यानं खिडकी फुटून ह्यांच्या अंगावर आली आणि डाव्या कानाचा पडदा फाटला. फोन लागेपर्यंत मी डबे भरत राहिले. काय भरलं, कुणाच्या डब्यात चटणी गेली, कुणाच्या गेलीच नाही, काही ध्यानात नाही.

पंचमीच्या आधीच हे घरी आले. डाव्या कानानं ऐकू येईना आणि शिडीवर चढलं की घेरी यायची. एसी मेकॅनिकनं शिडी चढायची नाही, तर करायचं काय? लेक कानात गुपित सांगायला यायची, ती नेमकी डाव्या बाजूनं. सांगून झालं, की बापाच्या तोंडाकडं बघत बसायची. हे नुसते हसायचे. मला मात्र उठून मोरीत जाऊन रडावं लागायचं.

मामांचा संताप काही ओसरेना. उठता बसता तेच. एक दिवस जेवायला बसल्यावर पुन्हा सुरू झाले, की एवढी घटना, एवढं सभागृह, आणि एका माणसानं कुणालाच विचारलं नाही, म्हणजे काय? माझा तोल गेला. ताट सरकवून मी म्हणलं, "मामा, ह्यांना तिथं थांबायला सांगताना तुम्ही तरी मला विचारलं होतं का?"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलट बोलले नव्हते. हे मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, न्हाई बाई, न्हाई विचारलं. एवढंच. त्यानंतर त्यांनी पोरांना उंबऱ्यात धरणं सोडलं. एका पोरानं आपण होऊन तो प्रश्न विचारला, तर म्हणाले, पुस्तकात आहे ते लिही, मार्क पडतील. मला ते ऐकवलं नाही. माणूस चुकला होता हे खरं, पण तो ज्या गोष्टीवर विसंबला ती काही त्यानं घरी बसून रचलेली नव्हती.

दिवाळी झाली आणि कंपनीचा माणूस फोन करू लागला. लढाई थांबलीय, शिडीचं काम देत नाही, स्टोअरमध्ये बसायचंय, या. कॅम्प तोच. संध्याकाळचे डबे गेल्यावर मामांनी आम्हा दोघांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. मला खुर्ची दिली. ह्यांना म्हणाले, मी यात बोलणार न्हाई, हिला विचार आणि मग काय ते ठरव.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत कुणी काही विचारत होतं. मी दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, ती बोललेच नाही. सरळ म्हणलं, न्हाई जायचं. उद्या पुन्हा त्याच्या मनात आलं तर तो पुन्हा बॉम्ब टाकील, त्याला कोण अडवणार हाय? इथं अर्धी भाकरी खाऊ.

हे टाइलच्या फटीकडं बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून उजव्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," हे म्हणाले. "मी परवाच हो म्हणून कळवलंय. तिकीट आलंय."

मामा उठून उभे राहिले. मी त्यांना बसा म्हणलं. मग ह्यांच्याकडं वळले.

"मला आधी का न्हाई विचारलं?"

ह्यांनी वर बघितलं. रागानं नाही, अगदी साध्या तोंडानं म्हणाले, "विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."