हरलेल्याचा चहा

"का हारलास ते सांग. मंग उचल कप."

बांधाचं भांडण मिटलं, की आबा पहिला चहा हरलेल्यापुढे ठेवायचे आणि हेच म्हणायचे. भरे गावात त्यांचा शब्द चालायचा. मी परभणीची, पिरंगुटला कंपनीत कामाला, त्यांच्या खोलीत भाडेकरू. ओट्यावरचा हा तमाशा मला खिडकीतून फुकटात दिसायचा.

एकदा एक गडी तासभर फुरंगटून बसला. चहा तीनदा गरम करावा लागला. शेवटी पुटपुटला, "खूण माज्याच बापानं हलवली व्हती."

"आता पी. साखर जास्त घातलीया."

मी विचारलं, एवढा हट्ट कशाला? "जितलेल्याला कारन लागत न्हाई, पोरी. हारलेल्याला त्यावरच दिवस काढायचे असत्यात."

असे पंच तुम्हीही पाहिले असतील. पण आबांचा कोर्टावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास. "आमी आडानी. तितं शिकलेली मान्सं बसत्यात."

मग एका प्लॉटिंगवाल्यानं भिंत घालून त्यांच्या शेताची वाट अडवली. आबा दावा हरले. खालच्या कोर्टानं दिलेली कारणं त्यांना पटली नाहीत, पण कळली. म्हणून तर अपील केलं. मुद्दे तीन: जुना नकाशा, विहिरीकडची गाडीवाट आणि शेजाऱ्याची साक्ष.

अपिलाचा निकाल इंग्रजीत आला. मी मराठी करून वाचू लागले. चार पानं, त्यातली साडेतीन कोण काय म्हणालं याचीच. शेवटी एवढंच, की खालच्या निकालात हस्तक्षेप करण्याचं कारण दिसत नाही, अपील फेटाळलं.

"नकाशाचं काय म्हनले?"

"काही नाही, आबा."

"पटला न्हाई, आसं तरी?"

"तेही नाही."

"फुडं वाच."

"पुढे सही आहे."

माझं डोकंच फिरलं. ज्यांना या माणसानं देवासारखं मानलं, त्यांनी त्याला एका ओळीत वाटेला लावलं. वकील म्हणाले, कारणं दिली नाहीत याच मुद्द्यावर हायकोर्टात जाता येईल. आबांनी नकाराची मान हलवली. "हारल्याचं काय न्हाई. पर माजं ऐकलंच न्हाई. फसवलं मला."

सुनेनं चहा आणला. त्यांनी कपाकडे पाहिलं आणि परत पाठवला. "का हारलो ते मला सांगता येत न्हाई. कसा पिऊ?"

मला वाटलं, रागात बोलले. पण त्यानंतर त्यांनी चहा घेतला नाही, की कुणाचं भांडण मिटवलं नाही. दारात आलेल्याला म्हणायचे, "कोर्टात जावा. तितं कारन लागत न्हाई."

गेल्या वर्षी आबा गेले. निकालाचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत, कितीदा वाचले असतील, कारण सापडलं नाही. तेराव्याला मांडवात सुनेनं माझ्यापुढे चहा धरला. मी कप घेतला आणि खाली ठेवला.