अकलूजची केस

समुपदेशनाच्या कोर्सला पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, माणूस जे बोलेल ते ह्या खोलीबाहेर जाणार नाही. मला ते इतकं आवडलं की पुढच्याच आठवड्यात मी त्यांना आमच्या घरचं सगळं सांगून टाकलं. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, सगळं माझ्यामार्फत चालतं. आई म्हणणार, "बाबांना सांग, ताट वाढलंय." बाबा तिच्या शेजारीच बसलेले, तरी मला म्हणणार, "आईला म्हणावं, भूक नाही." सोलापुरात माझ्या एकाही मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. मॅडमना सांगितलं आणि कसलं हलकं वाटलं माहितीये?

मग नवरा-बायकोच्या अबोल्यावरचा तास आला. मॅडम म्हणाल्या, "ही अकलूजची केस. दोघं बोलत नाहीत, मधे मुलगी निरोप्या." पुढं ताट, भूक, सगळं जसंच्या तसं. मला वाटलं, अशी अजून घरं असतील की. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मुलगी घरी नसली की बाई मांजराला सांगते, नवऱ्याला ऐकू जाईल असं." वर्ग लई हसला.

ते मांजर आमचं होतं.

मग मॅडमनी हेच नाटकासारखं वर्गात करून दाखवायला सांगितलं. जेऊरहून रेल्वेनं येणारी माझी मैत्रीण त्यात मुलगी झाली. बायको झालेला एक पोरगा ओढणीचा पदर घेऊन म्हणाला, "सांग तुझ्या बापाला, गिळायला ये म्हणावं." तिनं तसंच ओरडून सांगितलं, "बाबा, गिळायला या." परत हशा.

"अशी नाही सांगत ती," माझ्या तोंडून निघूनच गेलं. "जेवायला या म्हणते. वाईट शब्द गाळून मग सांगते."

"तुला काय माहीत गं?" मैत्रीण हसत म्हणाली, आणि माझ्याकडं बघता बघता तिचं हसू गेलं. मॅडम फळा पुसायला लागल्या.

तास सुटल्यावर मी त्यांना गाठलं. "मॅडम, तुम्ही वर्गात..."

"अगं, नाव घेतलं का मी? गावसुद्धा बदललं की." आवाज नेहमीसारखाच मऊ. "आणि ते शब्द गाळण्याचं किती छान बोललीस. हे मला सांगितलंच नव्हतंस."

नव्हतंच सांगितलं. तेवढंच माझं माझ्याकडं राहिलं होतं.

"बस की. घरी आता कसं आहे?"

"बरं आहे," म्हणाले आणि चप्पल घालून जिना उतरले.

खाली मैत्रीण थांबली होती. तिनं नुसती माझी पिशवी हातात घेतली. काही विचारलं नाही. म्हणजे तिला सगळं कळलं होतं.