ट्रॅक्टरची खांद

बाबांनी बैलजोडी विकली त्या दिवसापासून आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणून काही घर अडून राहिलं नाही. जेवायला बोलवायचं असलं की ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, “ताट वाढलं म्हणा.” मी घरात असले तर हा निरोप दोन हात अंतरावर बसलेल्या बाबांना पोचवायचे. नसले तर ती तो भिंतीला सांगायची. मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होते, तिथल्या सदर भागात मावशीकडे राहायचे, त्यामुळे बरेच दिवस भिंतीवरच भागलं.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. रामटेकच्या अलीकडे आमची धानाची शेती होती. जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो असं कुणीतरी बाबांच्या कानात घातलं आणि बाबांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. बैल गेले ते काही लांब गेले नाहीत, रस्त्यापलीकडच्या काकांकडे गेले. रोज संध्याकाळी शेतातून परतताना ते सवयीनं आमच्याच फाटकात शिरायचे. काका त्यांना ओढून न्यायचे आणि आई बाबांच्या पाठीकडे असं बघायची की बाबांच्या जागी मी असते तर गाव सोडलं असतं.

जोडी विकली त्या दिवशीच आईनं काकांच्या देखत एक अट घालून ठेवली होती. बाबांशी थेट बोललेलं तिचं ते शेवटचं. पोळ्याच्या दिवशी माझ्या दारात जनावर उभं राहिलं पाहिजे, त्याला मी ओवाळीन, पोळी देईन. तुमचं हे लोखंड पोळ्यातून येऊन जिवंतपणी माझ्या दारात उभं राहिलं तर राहू द्या घरात. नाहीतर ते विकायचं आणि माझे बैल परत आणायचे. जिवंतपणी म्हणजे इंजिन चालू असताना, हेही तिनं स्पष्ट करून घेतलं. बाबा हो म्हणाले. ट्रॅक्टर दारात उभा करण्यात अवघड ते काय, असं त्यांना वाटलं असणार. आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसत बसायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव.

धानाच्या रोवणीचा चिखल करून झाल्यावर ट्रॅक्टर टिनाच्या गळक्या छपराखाली उभा केला होता, तो तेव्हापासून तिथंच भिजत राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एसटीनं घरी पोचले तर बाबा त्यावर बसून गेअरच्या दांड्याशी झुंजत होते. हँडल मारलं की इंजिन सुरू व्हायचं, क्लचही खाली जायचा, पण गेअर टाकायला गेलं की पोटातून कर्रकन आवाज यायचा. रामटेकहून मिस्त्री आणला. त्यानं निदान केलं की ओलीनं क्लचची प्लेट गंजून चिकटली आहे. क्लच दाबला तरी इंजिन चाकाला सोडत नाही. इंजिन बंद असतानाच ट्रॅक्टर गेअरमध्ये टाकून बैलांनी ओढायचा, तसाच सुरू करायचा, क्लच दाबून धरायचा आणि चालता चालता कचकन ब्रेक मारायचा. झटक्यानं प्लेट सुटते. नाही सुटली तर ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागेल आणि ते काम काही पोळ्याच्या आत होत नाही. एवढं सांगून मिस्त्री सणासाठी आपल्या घरी निघून गेला.

घोडं अडलं ते बैलांपाशी. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टा पडलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, “आजचं आवतण घ्या, उद्या जेवायले या.” एकदा खांद शेकली की पोळा होईपर्यंत तिच्यावर जू ठेवायचं नाही. बाबा धावत काकांकडे गेले तेव्हा काकांचे हात तुपानं माखलेले होते.

“आता कायची जोडी मांगतं गा?” काका म्हणाले. “आवतण देऊन झालं.”

गावभर तेच. बाबांना बैल लागले ते नेमके बैलांच्या हक्काच्या सुटीत. आईनं त्या रात्री पुरणाची डाळ भिजत घातली आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणली. मला तिचा रागच आला. नवरा तोंडावर पडणार म्हणून एवढं खूश व्हावं का माणसानं?

पण बाबाही हट्टी. तुपाची वाटी घेऊन ते छपराखाली गेले. आई दारातून मला म्हणाली, “इचार त्यायले, याची खांद कोठी आहे म्हणा.” बाबा खरंच विचारात पडले. बोनेट म्हणावं तर ते तोंड, चाकं म्हणावीत तर ते पाय. मला विचारलं. मी इतिहासाची विद्यार्थिनी, मी काय सांगणार? मडगार्ड दाखवलं. शेवटी नांगर जोडायच्या मागच्या आकड्याला त्यांनी हळद आणि तूप चोळलं आणि आवतण मात्र मनातल्या मनात दिलं.

पोळ्याच्या दुपारी बाबांनी माणसं गोळा केली. पारावर बसून उन्हाळाभर या ट्रॅक्टरला हसलेले सगळे झाडून हजर होते. एवढी मजा कोण सोडतो? बैलांची जुनी झूल बोनेटवर चढली, घुंगरमाळ बांधली, एका दिव्याला बाशिंग लागलं. दुसरा दिवा फुटका होता. मला मडगार्डवर बसवलं, कारण इंजिन बंद करायची खुंटी तिथून हाताशी होती. मी सांगेपर्यंत ओढायची नाही, असं बाबांनी बजावलं. पुन्हा बंद पडला तर पुन्हा ओढायला कुणी येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माणसांनी दोर खांद्यावर घेतला आणि ओढलं. ट्रॅक्टरनं दोन गचके खाल्ले, धूर सोडला आणि एकदम सुरू झाला. पुढे दोर ओढणाऱ्यांना कळलं की आता आपण ट्रॅक्टर नेत नसून ट्रॅक्टर आपल्याला नेतो आहे. दोर टाकून जो तो कडेला पळाला. आम्ही सायकलच्या चालीनं गावातून निघालो.

“बाबा, ब्रेक मारा न.”

“मारून राहिलो न वं.”

कसला मारून राहिले! तापलेल्या तव्याला बोट लावावं तसा ते ब्रेकला पाय लावायचे आणि काढून घ्यायचे. जोरात मारावा तर इंजिन बंद पडायची भीती, न मारावा तर प्लेट सुटणार नाही. अशा पेचात आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर पोचलो. तिथं तोरणाखाली सजवलेले बैल रांगेनं उभे होते आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणं चाललं होतं. थांबता येईना म्हणून बाबा मैदानाला फेऱ्या घालू लागले. पहिल्या फेरीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात वर करून नमस्कारही केला. दुसऱ्या फेरीला म्हातारी माणसं भुवया उंचावून बघू लागली. तिसऱ्या फेरीपर्यंत उशिरा आलेल्या जोड्यांनी आमची वाट अडवली होती आणि तोरणाखालचीच तेवढी वाट मोकळी उरली होती.

ट्रॅक्टरचं धुराडं उभं होतं. त्यात तोरण अडकलं, ताणलं आणि तुटून आमच्याबरोबर निघालं. आमच्याकडे तोरण तुटलं की पोळा फुटतो, म्हणजे बैल सुटतात. ते तोडायचा मान गावातल्या वडीलधाऱ्याचा असतो आणि त्या आधी पूजा व्हावी लागते. इथं मान घेतला धुराड्यानं. मागे एकच गोंधळ उडाला. बैल उधळले, माणसं त्यांच्या मागे पळाली, कुणीतरी बाबांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. मी खुंटीला हात घातला.

“ओढू नको,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका रडवेला झाला होता की मी हात मागे घेतला.

ट्रॅक्टर आमच्या गल्लीत वळला. आई दारासमोर, अगदी रस्त्याच्या मधोमध, ताट घेऊन उभी होती. पोळ्यातून आलेल्या जनावराला असंच सामोरं जायचं असतं. बाबा ओरडले, “सरक वं!” आई जागची हलली नाही. तिला वाटलं, हे मुद्दाम न थांबता निघून चालले. माझा हात खुंटीकडे गेला, पण त्याआधीच बाबा सीटवरून उठून अख्ख्या अंगानिशी दोन्ही पायांवर उभे राहिले. एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर. पोटातून ठण्णकन आवाज आला. मी मडगार्डवरून घसरले. ट्रॅक्टर आईच्या ताटापासून हातभर अंतरावर उभा राहिला, आणि इंजिन चालूच होतं.

क्लच सुटला होता. बाबांनी हळूच दांडा हलवला तर तो आवाज न करता न्यूट्रलला आला. आता पाय काढला तरी चालणार होतं.

“पाय काढू नका,” आई म्हणाली. थेट बाबांना. “माह्यं ओवाळून होऊ द्या.”

तिला गेअरमधलं काही कळत नव्हतं. बाबांना कळत होतं. तरी त्यांनी पाय काढला नाही. आईनं चाकं धुतली, कुंकू लावलं, सावकाश ओवाळलं. तेवढ्यात उधळलेल्या बैलांपैकी काकांची जोडी नेहमीसारखी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मग आईनं त्यांना ओवाळलं, पोळ्या चारल्या आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून घरातल्या सगळ्यांच्या तक्रारी सविस्तर सांगितल्या. जुन्या ट्रॅक्टरचा क्लच म्हणजे दगड. बाबांचा डावा पाय लटलट कापत होता. सोडा आता, अशी मी खूण केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी स्टेशन डोक्यावर घेणारा हा माणूस! त्या क्षणी मला ते फार आवडले.

संध्याकाळी गावाची माफी मागून बाबा लंगडत घरी आले आणि ओसरीवर बसले. काका आपले बैल घेऊन गेले. अटीचा विषय कुणी काढला नाही. आई आतून कालची तुपाची वाटी घेऊन आली. बाबांचा पाय तिनं मांडीवर ओढला आणि पळसाच्या पानानं पोटरीला हळद-तूप चोळू लागली. बाबा छताकडे बघत बसले. चोळून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि भिंतीकडे नाही, बाबांकडे बघितलं.

“आजचं आवतण घ्या,” ती म्हणाली, “उद्या जेवायले या.”

“येतो न,” बाबा म्हणाले.