कंसातल्या ओळी

मला पसारा सहन होत नाही. पायपुसणं जरा तिरकं दिसलं तरी मी ते सरळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. घरात ते तिरकं करायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही हे मागाहून लक्षात येतं आणि स्वतःवरच चिडतो. पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांत मी एकटा राहतो. लग्न करायचं राहून गेलं. आई होती तोवर त्याची रोज नवी कारणं द्यावी लागायची. ती गेल्यावर कारणं विचारणारंही कोणी उरलं नाही.

नोकरी अंबडच्या एका कारखान्यात. आम्ही गाड्यांचे छोटे सुटे भाग बनवतो. ते कापणारी यंत्रं कॉम्प्युटरवर चालतात. कुठल्या टूलनं, किती वेगानं, किती खोल कापायचं हे यंत्राला सांगणारी एक फाइल असते, तिला प्रोग्रॅम म्हणतात. या फाइली सांभाळणं हे माझं काम. खाली यंत्रावर ऑपरेटरनं एखादा आकडा बदलला की वर माझ्या सिस्टीममध्ये त्या फाइलची नवी आवृत्ती जमा होते. आमच्या भाषेत रिव्हिजन. जुनी पुसली जात नाही. मी तिच्यावर 'रद्द' अशी खूण करतो, मग ती यंत्रावर कोणाला दिसत नाही, पण सिस्टीमच्या तळाशी असते. हवी तेव्हा मी ती काढून बघू शकतो. निदान बघू शकत होतो.

प्रोग्रॅममध्ये कंसात लिहिलेला मजकूर यंत्र वाचत नाही. ती जागा माणसांसाठी ठेवलेली असते. बहुतेक ऑपरेटर तिथे काहीच लिहीत नाहीत, किंवा उगाच देवाचं नाव टाकून ठेवतात. मी अशी नावं काढून टाकायचो आणि त्यावरून खाली माझ्याबद्दल काय बोललं जायचं ते मला माहीत आहे.

दुसऱ्या पाळीला एक ऑपरेटर होता, निफाडकडचा. सकाळी भावाबरोबर द्राक्षबागेत राबायचा आणि दुपारी तीनला कामावर यायचा, म्हणून त्यानं कायमची दुसरी पाळी मागून घेतली होती. मी साडेपाचला निघायचो. म्हणजे रोज अडीच तास आम्ही एकाच छपराखाली असायचो, मी वर काचेच्या केबिनमध्ये आणि तो खाली. पण मी खाली जायचं टाळायचो. काय बोलावं ते सुचत नाही, आणि चार माणसं हसत उभी असली की मी पोचताच गप्प होतात. एकदा असं झालं की पुन्हा जायला पाय उचलत नाहीत.

एका सकाळी त्याच्या फाइलमध्ये कंसात एक ओळ दिसली. यंत्रावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटतात, त्यामुळे मराठी पण इंग्रजी अक्षरांत. 'चार नंबरच्या टूलची धार गेली. उद्या बदलावा.' मी टूल बदलून घेतला आणि खाली लिहिलं, 'बदलला. कंसात फक्त कामाचं लिहावं.' दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. 'हे कामाचंच हाय.' मी केबिनमध्ये एकटाच हसलो. समोरच्या हिशेबाच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून बघितलं. त्यांनी मला हसताना तोवर पाहिलं नसावं.

मग ते चालूच राहिलं. नियम मीच केला होता आणि मीच मोडत होतो. 'थंडीत पयले पाच नग मोठे येतात. यंत्र तापू द्यावं.' 'आवाज बदललाय, बेअरिंग बघा.' 'आज घरी पाव्हणे, लवकर सुटतो.' 'गारा पडल्या. निम्मी बाग गेली.' या शेवटच्या ओळीखाली काय लिहावं यावर मी तासभर घालवला आणि शेवटी 'वाईट झालं' एवढंच लिहिलं. बोलायची सवय नसली की लिहायचीही राहत नाही. तरी रोज सकाळी चहा यायच्या आधी मी त्याची फाइल उघडायचो. ओळ नसली तर दिवस बेचव जायचा.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला. बारा दिवस घरी होतो. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत राहा, कोणीतरी जवळ असू द्या. मी हो म्हणालो. त्या बारा दिवसांत फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा कर्ज हवंय का म्हणून विचारणारे होते. तापात पडल्या पडल्या एक विचार डोक्यात घर करून बसला, की मी उद्या उठलोच नाही तर पहिल्यांदा कोणाला कळेल. उत्तर मिळत होतं, दूधवाल्याला. तेही पिशव्या दारात साठल्या म्हणून.

कामावर परत गेलो. साहेबांनी महिन्याचा रिपोर्ट कुठे आहे ते विचारलं. बाकी कोणी काही विचारलं नाही. मी बसलो, फाइल उघडली. दुसऱ्या पाळीत आदल्या आठवड्यात लिहिलेली ओळ होती. 'साहेब दिसत नाय. बरे हायेत ना.'

माझे डोळे भरून आले. पन्नाशीला टेकलेला माणूस, कॉम्प्युटरसमोर. मी काचेकडे पाठ केली. जरा सावरल्यावर खाली लिहिलं, 'बरा आहे. द्राक्षं कशी आहेत?' पुढचा आठवडाभर काहीच उत्तर आलं नाही. मला वाटलं, लाजला असेल. माणूस एकदा मनातलं बोलून गेला की थोडे दिवस तोंड चुकवतो. मग एक दिवस ओळ आली, 'छाटणी आटोपली. बाग बरी हाय.' मी समाधानानं जुनी रिव्हिजन रद्द केली.

त्या एका ओळीवर मी सहा वर्षं काढली असं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. आपण नसलो तर कुठेतरी एका माणसाला चुकल्यासारखं वाटतं, एवढं माहीत असलं की घरी गेल्यावर कुलूप उघडताना फार जड जात नाही.

गेल्या वर्षी पहिल्या पाळीत एका यंत्राच्या मेमरीत राहून गेलेली जुनीच रिव्हिजन चालली आणि एक आख्खी खेप ग्राहकानं परत पाठवली. वरून हुकूम आला. रद्द रिव्हिजन नुसत्या लपवायच्या नाहीत, मुळापासून काढायच्या. कंसातला मजकूर बंद. नवा सर्व्हर येतोय, त्यावर फक्त चालू प्रोग्रॅम न्यायचे. सिस्टीमच्या कॉन्फिगरेशनमध्ये यासाठी एकच जागा असते, रद्द रिव्हिजन ठेवाव्यात की नाहीत. तिथे मी 'नाहीत' केलं. जुन्या सर्व्हरच्या डिस्कही स्वतः बसून पुसल्या, कोणी सांगितलं नसताना. काम मनासारखं झालं की मला बरं वाटतं.

मला ती ओळ आठवली नाही असं नाही. आठवली. पण म्हटलं, माणूस खाली उभा आहे, ओळ जपून काय करायचं. हे म्हणणारा मी खाली मात्र तेव्हाही गेलो नाही. कंस बंद झाले तसं आमचं बोलणंही बंद झालं. जिन्यावरून उतरून 'कसे आहात' विचारायला कोणी अडवलं नव्हतं. साडेपाचला मी मागच्या दारानं निघत राहिलो.

यंदा एका दुपारी तोच वर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला दाराबाहेर काढून आत आला, तेव्हा मला शरम वाटली.

"या महिनाअखेरीस मी सुटतो, साहेब. एक काम व्हतं."

"बसा ना."

तो बसला नाही. "मी यंत्रात जे लिवलं व्हतं ते कागदावर काढून द्याल का? घरी दाखवीन म्हणतो. इतकी वर्सं कंपनीत काय केलं ते घरात कोणाला ठावं नाय. नग तर काय, गाडीत बसून कुठं कुठं गेले."

सगळं पुसलंय, हे दोन शब्द म्हणायचे होते. म्हणालो, "शोधून देतो."

मग मी दोन आठवडे आठवत बसलो. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, सकाळी दाढी करताना. माझी स्मरणशक्ती चांगली आहे आणि मला तिचा गर्वही आहे. एक ओळ आठवली की तिच्या मागून दोन यायच्या. साठेक ओळी जमल्या. टूलच्या, थंडीच्या, बेअरिंगच्या, गारांच्या. अंदाजानं महिने टाकले. माझी उत्तरं गाळली, ती काही वाचण्यासारखी नव्हती. छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. आणि त्याच्या शेवटच्या दिवशी, तीनच्या ठोक्याला, जिना उतरून खाली गेलो.

त्यानं हात पुसून वही घेतली. यंत्राच्या उजेडात धरून, एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचू लागला. मधेच हसायचा. गारांच्या ओळीपाशी थांबला आणि मान हलवली. मी शेजारी उभा होतो आणि मला चक्क आनंद झाला होता. तेवढ्यात त्याचं बोट एका ओळीवर अडलं.

"हे माझं नाय, साहेब."

मी बघितलं. 'साहेब दिसत नाय. बरे हायेत ना.'

"तुमचंच आहे," मी म्हणालो. "मी आजारी होतो तेव्हाचं. सहा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातलं."

"त्या आक्टोबरात मी कुठं व्हतो इथं? भावाचा पाय मोडला व्हता. पुरा महिना रजा टाकून छाटणी केली मी. तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. "मग इथे यंत्रावर कोण होतं?"

"ठेक्याचा एक माणूस लावला व्हता माझ्या जागी. पेठकडला. त्याचं आसंल." मग सहज म्हणाला, "सिस्टीममदी तारीख आसंल की. बघा ना."

सिस्टीममध्ये माणसाचं नाव कधीच नसायचं, फक्त यंत्राचा नंबर. पण तारीख आणि वेळ असायची. हजेरीच्या मस्टरशी ताडून बघता आलं असतं. मी म्हणालो, "सिस्टीममध्ये काहीच नाही. मीच पुसलं सगळं. हे मी आठवून लिहिलंय."

त्यानं पानं उलटली, पुन्हा मागे आला. "येवढं समदं ध्यानात ठिवलंत?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. मग त्यानं माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली. "दुसऱ्याचं माझ्या नावावर नको."

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

त्यानं आठवून बघितलं. नाही आठवलं. "चार-सहा आठवडे व्हता फकस्त. माझ्या रजेच्या आधी आठवडाभर आला, काम शिकाया. लय बोलायचा नाय. डबा यंत्रापाशी एकटाच खायचा."

ठेकेदार बदलून तीन वर्षं झाली. कार्यालयात विचारलं, तेव्हा जुने मस्टर रद्दीत गेल्याचं कळलं. मी पुढे काही विचारलं नाही.

आता रोज केबिनमध्ये बसलो की एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडतो. मी बरा होऊन आलो तेव्हा तो माणूस अजून आठवडाभर खाली होता. पाळी सुरू करताना ती फाइल उघडावीच लागते, म्हणजे माझं उत्तर त्यानं वाचलं असणार. पेठच्या डोंगरात भात आणि नागली पिकवणाऱ्या माणसाला मी विचारलं होतं, द्राक्षं कशी आहेत. त्याला त्याच क्षणी कळलं असणार की साहेब आपल्याशी बोलत नाहीत, दुसऱ्याच कोणाशी बोलतायत. म्हणून त्यानं काही लिहिलं नाही. आणि तो आठवडा मी वर बसून, उत्तर का येत नाही म्हणून, दुसऱ्याच माणसाची वाट बघत होतो.